मसूर स्टेशन ते क्योतो स्टेशन : परदेशी रेल्वेप्रवास आखताना

आम्ही चौघे मित्र पहिल्यांदाच देशाबाहेर जाणार आहोत. जपानला. अकरा दिवस, सहा मुक्काम, आणि सगळा प्रवास रेल्वेने. ही बातमी वस्तीत फुटली तेव्हा पहिली प्रतिक्रिया आली ती आमच्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्याची. ते म्हणाले, "बाळांनो, वस्तीतल्या पोरांच्या फीला पैसे नाहीत आणि तुम्ही बुलेट ट्रेनमध्ये बसायला निघालात?" प्रश्न टोचला. टोचायलाच हवा होता. म्हणून हा लेख. दादांना उत्तर म्हणून, आणि ज्या तरुण मित्रांना असा प्रवास करावासा वाटतो पण तो आपल्यासाठी नाही असे कुठेतरी आत वाटत राहते, त्यांच्यासाठी.

आधी आम्ही कोण ते सांगतो. एक जण समाजशास्त्रात एम. ए. करून वस्तीत सामाजिक काम करतो, तोच हे लिहितो आहे. एक ताई सरकारी दवाखान्यात नर्स आहे. एक मित्र सहकारी बँकेत कारकून आहे. आणि चौथा कंत्राटी कामगार आहे, त्याचे वडील आयुष्यभर महापालिकेत झाडूकाम करून निवृत्त झाले. चौघांच्याही घरात रेल्वेप्रवास म्हणजे दोनच. 14 ऑक्टोबरला किंवा अशोक विजयादशमीला नागपूर आणि 6 डिसेंबरला दादर. तेही जनरल डब्यात, दाराशी, भाकरीचे गाठोडे मांडीवर घेऊन. आमच्या आया रेल्वेत बसल्या आहेत, पण आरक्षित बर्थवर झोपून प्रवास त्यांनी क्वचितच केला. त्यांच्यासाठी प्रवास म्हणजे अभिवादन. 'फिरायला जाणे' हा शब्दप्रयोग आमच्या घरात नव्हताच. फिरतो तो कामाच्या शोधात.

समाजशास्त्र शिकताना एक गोष्ट कळली होती. जमीन, शिक्षण, पैसा यांच्यासारखीच हालचाल करण्याची मोकळीक हीसुद्धा एक संपत्ती असते, आणि जातिव्यवस्थेने ती फार विचारपूर्वक वाटली आहे. कोणी कोणत्या रस्त्याने जायचे, कोणत्या वेळी जायचे, कुठे थांबायचे आणि कुठले पाणी प्यायचे हे ठरलेले होते. म्हणून आमचे दादांना पहिले उत्तर असे : पोरांच्या फीचे पैसे आम्ही यातून काढलेले नाहीत. संस्थेचा एक रुपयाही यात नाही. तीन वर्षे चौघांनी स्वतःच्या पगारातून दर महिन्याला बाजूला टाकलेले हे पैसे आहेत. आणि दुसरे उत्तर : जग पाहण्याचा हक्क ही चैन आहे असे आपणच मानले, तर जग पाहिलेल्यांनी आपल्याला सांगितलेले जग आपण मुकाट्याने ऐकत राहू.

जपानच का?

याचे उत्तर आमच्याकडे सुरुवातीला फार सोपे होते. जपान हा बौद्धांचा देश. भदंत सुरेई ससाई तिथून आले आणि नागपूरचेच झाले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस जपानी मदतीतून उभे राहिले. 2015 साली जपानच्या कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा बसला, तेव्हा आमच्या वस्तीत पेढे वाटले होते. बुद्धाचा देश म्हणजे समतेचा देश, असे समीकरण डोक्यात पक्के होते. पहिली यादी त्याच समीकरणातून तयार झाली. तोक्योचे सेन्सोजी, क्योतोचे सोनेरी विहार, नाराची भव्य बुद्धमूर्ती, कोयासान, आणि परत. टूर कंपनीच्या माहितीपत्रकात असते तशी यादी, फक्त वर 'धम्मयात्रा' असे लिहिलेले.

ती यादी मोडली कंत्राटी मित्राच्या एका प्रश्नाने. त्याने यादी वाचली आणि विचारले, "तिथं आपल्यासारखी माणसं कुठं राहतात?"

आम्ही हसलो. पण वाचायला बसलो तेव्हा हसू मावळले. जपानमध्ये 'बुराकू' म्हणून ओळखला जाणारा एक समाज आहे. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, मांस कापणे, गुन्हेगारांना देहदंड देणे, मृतदेहांची व्यवस्था लावणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे होती. मृत्यूचा आणि रक्ताचा विटाळ त्यांना चिकटवला गेला. वस्त्या वेगळ्या, लग्ने वेगळी. 1871 साली सरकारने फर्मान काढून हे भेद कायद्याने संपवले. कायद्याने संपले, माणसांच्या मनातून नाही. 1975 साली उघडकीस आले की देशभरातल्या बुराकू वस्त्यांची ठिकाणे लिहिलेल्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात होत्या. नोकरीला उमेदवार आला की त्याचे मूळ गाव यादीत आहे का ते पाहायचे. आणि 2016 साली, म्हणजे अगदी काल-परवा, बुराकूंविरुद्धचा भेदभाव दूर करण्यासाठी जपानच्या संसदेला वेगळा कायदा करावा लागला.

आपल्याकडे आडनाव विचारतात, तिकडे पत्ता विचारतात. फरक एवढाच का? नाही, हे दोन्ही एकच आहेत असे म्हणणे अभ्यासाला धरून होणार नाही. आपल्या जातिव्यवस्थेला धर्मशास्त्राचा आधार आहे, हजारो जातींची उतरंड आहे, तशी ती तिकडे नाही. पण अस्पृश्यतेचा व्यवहार ओळखायला आम्हाला शब्दकोश लागला नाही.

आणि सर्वांत जास्त लागली ती पुढची गोष्ट. जपानमध्ये माणूस मेला की बौद्ध भिक्खू त्याला मरणोत्तर धम्मनाव देतात, ते थडग्यावर कोरले जाते. अनेक बुराकू मृतांच्या नावांत भिक्खूंनी त्यांची हीनता दाखवणारी अक्षरे घातली होती. मेल्यावरही. विहाराने. हे वाचल्यावर त्या रात्री आमचा गट शांत झाला. बँकेतला मित्र म्हणाला, "हे वस्तीत सांगायचं नाही. लोकांची श्रद्धा मोडेल." यावर आमचे जोरदार भांडण झाले. ताईचे म्हणणे असे की बाबासाहेबांनी आपल्याला बुद्ध दिला तो तपासून दिला. त्यांनी जगातल्या बौद्ध देशांत जे चालले आहे ते जसेच्या तसे उचलले नाही, भिक्खू संघाने काय करायला हवे आणि तो काय करत नाही हे त्यांनी स्पष्ट बोलून दाखवले. मग आपण कुठल्या भीतीने झाकायचे? शेवटी ठरले : बुद्धाला वंदन करायचे आणि विहाराला प्रश्न विचारायचा. दोन्ही एकाच प्रवासात.

नवी यादी

मग यादी बदलली, आणि गंमत म्हणजे ती रेल्वेमुळेच सोपी झाली. क्योतो स्टेशनातून बाहेर पडले की चालत जाण्याच्या अंतरावर पूर्व आणि पश्चिम होंगांजी हे दोन प्रचंड मठ आहेत. कोट्यवधी अनुयायांचे. बहुसंख्य बुराकू याच पंथाचे. त्याच स्टेशनच्या दुसऱ्या अंगाला, पूर्वेकडे, तसेच पायी जाता येईल अशा ठिकाणी यानागिहारा बँकेची जुनी लाकडी इमारत आहे. बाकीच्या बँका दारात उभे करत नव्हत्या तेव्हा 1899 साली बुराकू वस्तीतल्या लोकांनी स्वतःची बँक काढली. आज तिथे संग्रहालय आहे. हे वाचून बँकेतला मित्र खुर्चीतून उठलाच. सोनेरी विहार गेले तरी चालेल, बँक सोडायची नाही, असा त्याने हट्ट धरला.

3 मार्च 1922 रोजी याच क्योतोच्या ओकाझाकी भागातल्या सभागृहात बुराकूंनी 'सुईहेइशा' स्थापन केली. नावाचा अर्थ पाण्यासारखी समपातळी आणणाऱ्यांची संघटना. त्यांचा झेंडा काळा, त्यावर लाल काट्यांचा मुकुट. जाहीरनामा लिहिला साइको मानकिची या तरुणाने, तोही एका छोट्या बौद्ध विहाराच्या पुरोहिताचा मुलगा. संघटनेने उभे राहताच होंगांजी मठांना जाब विचारला आणि त्यांच्या देणग्या रोखायची भूमिका घेतली. पुढच्याच वर्षी कोरियात खाटीककाम करणाऱ्या बेकजोंग समाजाने 'ह्योंगप्योंगसा' ही संघटना काढली आणि दोन्ही संघटनांचा एकमेकींशी संबंध आला. आणि आपल्याकडे? 20 मार्च 1927. महाडचे चवदार तळे. सुमारे पाच वर्षांत, आशियाच्या तीन कोपऱ्यांत, मेलेली ढोरे ओढायला लावलेली माणसे उभी राहिली. पाण्याची समपातळी आणि तळ्याचे पाणी. आम्ही एम. ए. ला युरोपातल्या क्रांत्या तोंडपाठ केल्या, पण हे तीन प्रसंग एका ओळीत कोणी शिकवले नाहीत.

साइको मानकिची ज्या गावचा, त्या नारा प्रांतातल्या गोसे शहरात सुईहेइशा संग्रहालय आहे, 1998 साली सुरू झालेले. त्याच्या जन्माचे विहार समोरच. जवळचे स्टेशन वाकिगामी, अगदी लहान. नाराची भव्य बुद्धमूर्ती पाहायला जग जाते. आम्ही तिथे जाऊ आणि दुसऱ्या दिवशी वाकिगामीलाही उतरू.

एक बंधन मात्र स्वतःला घालून घेतले. बुराकूंनी स्वतः उभारलेल्या आणि सर्वांसाठी खुल्या केलेल्या जागाच पाहायच्या. वस्तीत कॅमेरे घेऊन शिरायचे नाही, घरांचे, माणसांचे, पाट्यांचे फोटो टाकायचे नाहीत. ज्या देशात वस्तीचे नाव उघड होणे म्हणजे मुलीचे लग्न मोडणे, तिथे आमचे कुतूहल कोणाच्या जिवावर उठता कामा नये. आपल्या वस्तीत पाहुणे येऊन गरिबीचे फोटो काढतात तेव्हा आपल्याला कसे वाटते, ते आठवले तरी पुरे.

पैशांचा हिशेब

आता तरुण मित्रांच्या उपयोगाचे सांगतो, कारण नुसत्या विचारांनी तिकीट निघत नाही.

सगळे सांगत होते, जपान रेल पास घ्या, डोळे झाकून घ्या. बँकेतल्या मित्राने डोळे उघडे ठेवून हिशेब केला. ऑक्टोबर 2023 मध्ये या पासची किंमत जबर वाढली. सात दिवसांचा साधा पास 29,650 येनचा होता, तो 50,000 येन झाला. हिशेबासाठी एक येन 60 पैशांचा धरला तर माणशी 30,000 रुपये. एवढे करूनही 'नोझोमी' ही सर्वांत जलद गाडी त्यात वरचे पैसे दिल्याशिवाय बसत नाही, आणि कोयासानकडे जाणारी नांकाई ही खासगी रेल्वे तर मुळीच बसत नाही.

मग उपाय काय? पहिला, विमान तोक्योला उतरायचे आणि परतीचे ओसाकाहून पकडायचे. म्हणजे शेवटी पुन्हा तोक्योला जाण्याचे भाडे वाचते. दुसरा, तोक्यो ते क्योतो एकेरी तिकीट वेगळे काढायचे, साधारण 14,000 येन. तिसरा, पश्चिम भागासाठी पाच दिवसांचा कान्साई–हिरोशिमा पास, आम्ही पाहिला तेव्हा 17,000 येन. क्योतोहून हिरोशिमाला जाऊन ओसाकाला येण्याचेच सुटे भाडे 20,000 येनच्या पुढे जाते, त्यामुळे हा पास तिथेच वसूल होतो. गोसे, कोयासान, विमानतळ यांची सुटी तिकिटे धरूनही सगळे 40,000 येनच्या आत बसते. माणशी निदान 6,000 रुपये वाचले, चौघांचे 24,000. ताईने जाहीर केले की हे वाचलेले पैसे परत आल्यावर वस्तीच्या अभ्यासिकेला. दादा, हे तुमच्या प्रश्नाचे तिसरे उत्तर.

आणखी काही गोष्टी नवीनच कळल्या. शिंकान्सेनचे तिकीट दोन भागांचे असते, एक मूळ भाडे आणि दुसरा जलद गाडीचा अधिभार. आरक्षण प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी सकाळी दहाला सुरू होते. लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर तोकाइदो–सान्यो मार्गावर सामानाच्या जागेसह असलेले आसन आधीच घ्यावे लागते. आपल्याकडे सासुरवाडीला निघालेले पोतेही जनरल डब्यात मावते, तिकडे बॅगेलासुद्धा मापटे लावतात. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा आणि ऑगस्टचा मध्य टाळायचा, तेव्हा सगळा जपान गाडीत असतो. आणि तोक्योहून क्योतोला जाताना फुजी पर्वत उजव्या हाताला दिसतो, म्हणून 'डी' आणि 'ई' ही आसने मागायची. या दोन आसनांवर चौघांत अजून तह झालेला नाही.

हिरोशिमा आम्ही का ठेवले, हेही सांगतो. 6 ऑगस्ट 1945 तर आहेच. पण अणुबॉम्बने मेलेल्यांत जपानने राबायला आणलेले कोरियनही हजारोंनी होते. त्यांचे स्मारक 1970 साली उभारले गेले तेव्हा ते शांतता उद्यानाच्या आत नव्हते, बाहेर होते. ते आत यायला 1999 साल उजाडले. गावकुसाबाहेर ठेवण्याची रीत मेलेल्यांनाही सोडत नाही. आम्ही आधी त्या स्मारकापाशी जाणार.

आणि कोयासानला बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करण्याआधी ताई आम्हाला न्योनिंदो इथे नेणार आहे. त्या पवित्र डोंगरावर शतकानुशतके बायकांना बंदी होती. त्या यायच्या आणि डोंगराच्या वेशीवरच्या या 'स्त्रियांच्या मंडपा'त थांबून बाहेरूनच हात जोडायच्या. 1872 साली सरकारी हुकुमाने ती बंदी उठली. ताई म्हणाली, "बाबासाहेबांना भेटायला मी त्याच दारातून आत जाणार, जिथं बायांना अडवलं होतं." यावर कोणी वाद घातला नाही.

आईला हे सगळे सांगत होतो. ओसाकाकडच्या बुराकू वस्त्यांत गुरांची आतडी तळून, तेल काढून कुरकुरीत केलेला 'आबुराकासु' नावाचा पदार्थ आहे. इतरांनी टाकलेल्या भागातून भुकेने शोधलेले अन्न, आता शहरातले लोक मिटक्या मारत खातात. आई म्हणाली, "मंजे आपल्या चान्यांवानीच की." मग थोडे थांबून म्हणाली, "मला आन जरा, चाखू तरी." आईच्या तोंडून चान्यांचे नाव आम्ही फार वर्षांनी ऐकले. शहरात आल्यावर तो शब्द घरात बंद झाला होता.

कागद

सर्वांत मोठी अडचण मात्र पैशांची नव्हती, कागदांची होती. व्हिसासाठी बँकेचे स्टेटमेंट हवे, प्राप्तिकर विवरणपत्रे हवीत, नोकरीचे पत्र हवे, रोजचा कार्यक्रम लिहून द्यायला हवा. तिघांचे जमत होते. कंत्राटी मित्राचे अडले. कंत्राटदार नोकरीचे पत्र देईना, कारण पत्र दिले तर माणूस आपला आहे हे मान्य करावे लागते. करपात्र उत्पन्न नाही म्हणून विवरणपत्र कधी भरलेलेच नव्हते. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी लिहिलेले नाव एक, आधारवर दुसरे. एका एजंटने थंडपणे सल्ला दिला, "त्यांना वगळा. त्यांच्यामुळे तुमचीही फाइल अडेल."

हे वाक्य आम्ही चौघांनीही ऐकले. तोही समोरच बसला होता. रस्त्यावर आल्यावर तोच म्हणाला, "तुम्ही जाऊन या. येताना त्या संग्रहालयाचा फोटो आणा म्हणजे झालं." एक क्षण, कबूल करतो, आम्हा तिघांच्या मनात आले की व्यवहार तर हाच आहे. विमानाचे भाडे तेव्हा उतरलेले होते, रजा मंजूर होत्या. चळवळीत सगळ्यांना सोबत घेऊन जायच्या गोष्टी करणे वेगळे आणि हातातली स्वस्त तिकिटे सोडणे वेगळे. पण "आपल्यासारखी माणसं कुठं राहतात" हा प्रश्न ज्याने विचारला, ज्याच्यामुळे ही धम्मयात्रा खऱ्या अर्थाने यात्रा झाली, त्यालाच फलाटावर ठेवून निघायचे?

आम्ही प्रवास एक वर्ष पुढे ढकलला. त्या वर्षात राजपत्रात नावबदल छापून घेतला, पासपोर्ट काढला, विवरणपत्र भरले. उत्पन्न कराच्या मर्यादेखाली असले तरी विवरणपत्र भरता येते, ही साधी गोष्ट आपल्या किती तरुणांना माहीत नसते. कंत्राटदाराकडे पत्रासाठी चार जण मिळून तीनदा गेलो. तिसऱ्यांदा त्याने दिले. त्या पत्राने मित्राच्या हातात पहिल्यांदाच आपण काम करतो याचा कागद आला. तो उद्या भविष्यनिर्वाह निधीच्या भांडणातही उपयोगी पडेल. मित्रांनो, जायचे असो वा नसो, पासपोर्ट काढून ठेवा. साध्या पासपोर्टची फी 1,500 रुपये आहे. नावे, जन्मतारखा, दाखले एकसारखे करून घ्या. कागद नसलेल्या माणसाला वगळणे सगळ्यांनाच सोपे जाते.

मसूर

या वाट पाहण्याच्या वर्षात आम्ही बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुन्हा वाचले. नाव तर आमच्यासाठीच ठेवल्यासारखे. त्यात पहिलीच आठवण रेल्वेप्रवासाची आहे. 1901 साल. लहानगे भीमराव भाऊ आणि भाच्यांसोबत साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या गावी निघालेले. आगगाडी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे. मसूर स्टेशनवर उतरले तर न्यायला कोणी नाही, कारण पाठवलेले पत्र वडिलांपर्यंत पोहोचलेच नव्हते. स्टेशनमास्तर प्रेमाने चौकशी करू लागला आणि जात कळताच मागे सरकला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकेना, मुलांनीच हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे असे ठरले. शिदोरी होती, पण पाणी मिळाले नाही. रात्रभर.

आम्ही ही गोष्ट शंभरदा वाचली होती. पण स्वतः प्रवास आखत असताना वाचली तेव्हा ती वेगळीच कळली. तिकीट होते, पैसे होते, कपडे नीटनेटके होते, पत्र आगाऊ धाडले होते. म्हणजे आखणीत फारसे चुकले नव्हते. एक पत्र चुकले, तर दुसऱ्या कुठल्या मुलांना कोणीतरी घरी नेऊन पाणी दिले असते. या मुलांना एका चुकीचीही सवलत नव्हती. आम्ही बॅगेचे सेंटिमीटर मोजतो, प्रत्येक गाडीच्या आधीची आणि नंतरची गाडी लिहून ठेवतो, हॉटेलचा पत्ता जपानी लिपीत छापून चौघांच्या चार खिशांत ठेवतो. आमच्यातला एक थट्टेने म्हणाला, "एवढं भ्यायचं कशाला?" ही भीती आमची एकट्याची नाही मित्रा, ती मसूर स्टेशनवरून चालत आलेली आहे.

म्हणून गेल्या महिन्यात सराव म्हणून आम्ही, जपानला नेणार त्याच बॅगा भरून, पुण्याहून मिरज मार्गाच्या गाडीने मसूरला गेलो. लहानसे स्टेशन आहे. फलाटावर नळ होता. चौघेही पाणी प्यालो. कोणी नाव विचारले नाही, कोणी मागे सरकले नाही. बाहेर चहावाल्याने एवढ्या मोठ्या बॅगा पाहून विचारले, "कुठं निघाला पाव्हणं?" कंत्राटी मित्र म्हणाला, "जपानला." चहावाला हसला, त्याला थट्टा वाटली. परतीच्या गाडीत जागा मिळाली नाही. दाराशी बॅगांवर बसून आलो, जसे नागपूरहून येतो तसेच.

दादा, तुमच्या प्रश्नाचे शेवटचे उत्तर इथेच आहे. जपानच्या कर्जातून मुंबई–अहमदाबाद 508 किलोमीटरची बुलेट ट्रेन उभी राहते आहे. तिच्या वाटेत पालघरच्या आदिवासींच्या जमिनी गेल्या. तिच्यात कोण बसेल हे आपल्याला ठाऊक आहे. तोक्यो स्टेशनात आख्खी शिंकान्सेन सात मिनिटांत झाडून-पुसून तयार करणाऱ्या कामगारांचे व्हिडिओ इथले साहेबलोक कौतुकाने एकमेकांना पाठवतात. आणि इथे रुळांवरची घाण हाताने उचलायला कोणत्या जातीची माणसे लावली गेली, यावर तेच गप्प बसतात. त्या सात मिनिटांमागे काय आहे, कोणते यंत्र, कोणते हातमोजे, काय पगार, किती मान, हे झाडूवाल्याच्या मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून यायला हवे. तिथली चांगली गोष्ट चांगली म्हणून सांगायला आणि तिथला बुराकू लपवला जात असेल तर तेही सांगायला. आपल्या वतीने दुसऱ्यांनी पाहिलेले आता पुरे झाले.

व्हिसाचे अर्ज पुढच्या सोमवारी देणार आहोत. दिवसवार कार्यक्रमाच्या तक्त्यात पाचव्या दिवसासमोर लिहिले आहे : क्योतो ते वाकिगामी, सुईहेइशा संग्रहालय. एजंट म्हणाला होता, असली अनोळखी ठिकाणे लिहू नका, सोनेरी विहार लिहा. आम्ही खरे तेच लिहिले आहे. अर्ज चार आहेत, एकाच पाकिटात.

जय भीम! नमो बुद्धाय!